बायको आखेनला शिकतीये, मी नाशकात: भेटायला कधी आणि कसं जाऊ?

एकटा_जीव | २८ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बायको सप्टेंबरमधे जर्मनीला गेली. आखेनला मास्टर्स करतीये, मेकॅनिकलमधे, दोन वर्षांचा कोर्स. मी इथे सातपूरला नोकरीत, आई माझ्याकडे. लग्नाला चार वर्षं झाली. ती आठ वर्षं नोकरी करून एकतिसाव्या वर्षी शिकायला गेली आणि जायच्या आधी निम्म्या नातेवाइकांनी मला विचारलं की तू कसा काय पाठवलास, जसं काय मी तिला कुरियरच केलं. असो.

तर परवाच्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे गेलं, साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला आणि आमच्या फोनचं सगळं गणितच कोलमडलं, तिचं लेक्चर सहाला संपतं तेव्हा इथे साडेदहा झालेले असतात आणि मला सकाळची शिफ्ट. काल बोलता बोलता मी झोपलो म्हणे. ती दहा मिनिटं एकटीच बोलत होती. त्यावरून जे व्हायचं ते झालं.

म्हणून ठरवलंय की जाऊन यायचं. डिसेंबरमधे की फेब्रुवारीत (फेब्रुवारीत तिकिटं स्वस्त दिसतायत)? ती विद्यार्थिनी, कमाई नाही, मग व्हिसाला तिचं आमंत्रण चालतं का? ती हॉस्टेलच्या एका खोलीत राहते, तिथे मला राहता येईल का? आणि काय काय न्यायचं? माझा हा पहिलाच परदेश प्रवास. एका एजंटने 'पॅकेज टूर दाखवू, बायकोचा उल्लेखच नको' असा सल्ला दिलाय, तो मला काही पटत नाहीये.

---

बारा_गावचं_पाणी | २९ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

एजंटला लांबूनच नमस्कार कर. बायको तिथे आहे हे लपवायचं आणि उद्या ते कागदावर दिसलं की खोटं बोलल्याचा शिक्का कायमचा. सरळ 'कुटुंबाला भेट' म्हणून शॉर्ट स्टे शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा थोड्या दिवसांचा व्हिसा) अर्ज कर. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, तुला तेवढे लागणारही नाहीत. फी ९० युरो (जून २०२४ पर्यंत ८० होती), वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी पैसे परत नाहीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी तरी पाहिजेच, पण तू पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नकोस, अपॉइंटमेंट मिळेपर्यंतच घाम फुटतो.

आमंत्रणाचं म्हणशील तर तिने साधं पत्र लिहायचं की हा माझा नवरा, अमुक ते अमुक तारखेला माझ्याकडे राहील. सोबत तिच्या रेसिडन्स परमिटची कॉपी (तो अजून हातात आला नसेल तर पासपोर्टवरच्या व्हिसाची), युनिव्हर्सिटीत नाव असल्याचा कागद आणि पत्त्याची नोंदणी. खर्च मात्र तुझा तुलाच दाखवावा लागेल. तिकडची एक अधिकृत हमी असते, राहणाऱ्या माणसाने ऑफिसात जाऊन सही करायची की पाहुण्याचा खर्च माझा, पण त्याला कमाई दाखवावी लागते. तिच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून (पैसे आधीच भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीकच काढता येतात ते खातं) महिन्याला ९९२ युरो सुटत असतील, त्यात तिचंच कसंबसं भागतं, तुझी हमी ती कुठून घेणार. म्हणून तुझी सॅलरी स्लिप, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न आणि कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, त्यात माणसाला परत मायदेशी आणायचा खर्चही धरलेला असला पाहिजे, पॉलिसी घेताना तेवढं वाचून घे.

आणि मॅरेज सर्टिफिकेट. रजिस्ट्रेशनचं. लग्नपत्रिका नेऊ नकोस, आमच्या एका शेजाऱ्याने नेली होती, वर गणपतीचं चित्र असलेली.

---

टोमणे_मास्तर | २९ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

त्या हमीला जर्मनमधे फेअरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. एका दमात म्हणून दाखवलं तर विम्याची गरज नाही, फुप्फुसं ठणठणीत असल्याचं सिद्ध होतं.

(हलके घ्या)

---

कोथिंबीर_जुडी | २९ ऑक्टोबर, दुपारी १:३०

फेब्रुवारीत अजिबात जाऊ नकोस!! तिकीट स्वस्त आहे ते उगीच नाही. जर्मनीत विंटर सेमिस्टरची लेक्चरं फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात आणि लगेच परीक्षा सुरू होतात, त्या मार्चपर्यंत चालतात. तू तिथे जाऊन बसशील आणि ती लायब्ररीत.

मी हे स्वतः केलंय, जर्मनीत नाही पण लेस्टरला. नवरा तिकडे एक वर्षाच्या मास्टर्सला होता. २०२४ च्या जानेवारीपासून इंग्लंडने शिकवणीच्या मास्टर्सवाल्यांना नवरा-बायको डिपेंडंट म्हणून न्यायचं बंदच केलं, रिसर्चवाले आणि सरकारी स्कॉलरशिपवाले तेवढे वगळून, त्यामुळे आमच्याकडे व्हिजिटर व्हिसा हा एकच मार्ग उरला. मी इकडे रजा जमवून जमवून तीन आठवड्यांची गेले आणि त्यातले तेरा दिवस त्याचं डेझर्टेशन. मी रोज सकाळी त्याला डबा करून द्यायचे आणि खिडकीतून पाऊस बघायचे. तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानातल्या गुजराती काकूंशी मैत्री केली आणि चौथ्या दिवसापासून त्यांच्या गल्ल्यामागे स्टूल टाकून बसायला लागले. नवऱ्यापेक्षा त्या काकू जास्त आठवतात आता.

डिसेंबरला जा. ख्रिसमसची दोन आठवडे सुट्टी असते, ती मोकळी असेल.

---

शून्य_डिग्री | २९ ऑक्टोबर, रात्री ८:५०

मी दुसऱ्या बाजूने लिहिते कारण मी स्वतः इकडे शिकतीये (ड्रेस्डेन) आणि माझा नवरा मे महिन्यात येऊन गेला.

दादा एक सांगू का, राग मानू नका. तुम्हाला वाटेल आपण बायकोकडे चाललोय म्हणजे आपल्याच घरी चाललोय. तसं नसतं. ती खोली तिची आहे. माझा नवरा आला, पहिल्याच दिवशी मी लेक्चरला गेले तर याने 'सरप्राइज' म्हणून माझं किचनचं कपाट लावून टाकलं, डबे उंचीप्रमाणे. आमच्याकडे कपाटाचे कप्पे वाटलेले आहेत, चार मुली एक किचन, खालचा कप्पा कोलंबियाच्या मुलीचा. तिची कॉफी दोन दिवस सापडली नाही. मी चिडले तर म्हणाला मी मदत करत होतो. आणि खरंच मदतच करत होता हो, पण मी आठ महिने लावून जे बसवलं होतं ते त्याने दुपारभरात हलवलं. त्या रात्री मी रडले, का ते मला पण नीट सांगता आलं नाही.

बाकी हॉस्टेलचं म्हणाल तर तिला तिचा करार वाचायला सांगा, पाहुणा किती रात्री राहू शकतो, कळवावं लागतं का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. आणि तुम्ही असताना रूममेट्सना आधी सांगून ठेवणं हे नियमापेक्षा महत्त्वाचं.

---

आत्याबाई | ३० ऑक्टोबर, सकाळी ६:२०

सगळे व्हिसाचं बोलतायत, खाण्याचं कोणीच बोलेना म्हणून लिहिते. भाच्याकडे दोनदा जाऊन आले आहे, फ्रँकफर्टच्या जवळ.

तूप, पेढे, खवा, चक्का, काही नेऊ नकोस. युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. माझं घरचं लोणकढं तूप पहिल्या खेपेला कचऱ्यात गेलं, त्या मुलीने हातमोजे घालून उचललं, जसं काय मी बॉम्ब नेला होता. आंबा पण चालत नाही, ताजी फळं-भाज्या न्यायला सरकारी तपासणीचा दाखला लागतो, फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि तो घाण वासाचा दुरियन एवढ्यांनाच सूट आहे. म्हणजे हापूस नाही आणि दुरियन चालतो, बघा आता. कढीपत्त्याची पानं सुद्धा नको, वाळवून पूड करून ने.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्याकडेच विमानतळावर काढून घेतात, तेलामुळे पेट घेतात म्हणून. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, लसणाची चटणी हे सगळं बिनधास्त. पिशव्या दुहेरी कर आणि प्रत्येकीवर इंग्रजीत नाव लिही. मेतकूट म्हणजे काय हे कस्टमच्या माणसाला समजावताना माझी जी वाट लागली.

---

तात्या_वेंगुर्लेकर | ३० ऑक्टोबर, सकाळी १०:४५

मासळीला बंदी नाही बरं का आत्याबाई. माणशी वीस किलोपर्यंत मासे नेता येतात. सुके बोंबील कायद्यात बसतात, फक्त हॉस्टेलच्या कॉमन किचनमधे बसत नाहीत. मुलाच्या हॉस्टेलला अनुभव घेऊन झालाय. फायर अलार्म वाजला नाही एवढंच नशीब, माणसं मात्र सगळी बाहेर आली.

---

एकटा_जीव | ३० ऑक्टोबर, रात्री ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. फेब्रुवारी कॅन्सल. शून्य_डिग्री, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी पण कपाट लावणाऱ्यांपैकीच आहे, बायको मला 'मांडणी' म्हणते.

एक शंका, रजा कमी आहेत, लॅपटॉप नेऊन तिथून थोडं ऑफिसचं काम केलं तर?

---

बारा_गावचं_पाणी | ३१ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

नको. व्हिजिट व्हिसावर काम करायचं नसतं. आठ दिवस कमी जा पण रजेवर जा.

आणि २४ डिसेंबरला पोचू नकोस, त्याच्या आधी पोच. २४ ला दुपारपासून दुकानं बंद व्हायला लागतात, २५ आणि २६ पूर्ण सुट्टी. यंदा २५ ला गुरुवार आहे, म्हणजे गुरुवार-शुक्रवार बंद, शनिवारी सगळं गाव दुकानात, परत रविवारी बंद. रविवारी तिकडे किराण्याची दुकानं उघडतच नाहीत. ख्रिसमसचे बाजार पण २४ च्या आतच आटोपतात बऱ्याच ठिकाणी, आखेनचा बघायचा असेल तर लवकर जा.

तिला विचार इंडक्शन आहे का साधी हॉटप्लेट. आपला अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. आणि कुकरचं गास्केट ने. गास्केट, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह. सोन्यापेक्षा महाग वस्तू आहेत या तिकडे.

---

पुनर्अर्जदार | २ नोव्हेंबर, दुपारी ४:००

घाबरवायचा हेतू नाही पण माझा व्हिसा २०२३ मधे रिजेक्ट झाला होता. कारण काय, तर हा माणूस मुदत संपायच्या आत परत जाईल याची खात्री वाटत नाही. नवं लग्न, बायको तिकडे, मी नुकतीच नोकरी बदललेली, त्यांच्या जागी मी असतो तर मला पण खात्री वाटली नसती. तेव्हा पत्र लिहून दाद मागता यायची, रेमॉन्स्ट्रेशन म्हणायचे, तसं केलं, दोन महिने गेले आणि काही झालं नाही. आता तर जुलै २०२५ पासून जर्मनीने ती सोयच काढून टाकलीये, नाकारला तर नवा अर्ज करा नाहीतर कोर्टात जा. म्हणून पहिल्यांदाच फाइल भक्कम करा. मी दुसऱ्यांदा कंपनीचं पत्र (अमुक तारखेला कामावर रुजू होणार), घराचे कागद आणि आईवडील माझ्यावर अवलंबून आहेत असं साधं निवेदन जोडलं, मिळाला. तुमच्या आई तुमच्याकडे आहेत ना, लिहा ते.

एक चांगली बातमी पण देतो, एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम आहे की तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळू शकतो.

---

टोमणे_मास्तर | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

थोडक्यात: बायकोवर फार प्रेम आहे असं दाखवायचं नाही, आईवर जास्त आहे असं दाखवायचं. हा नियम नाशकात पण लागू आहे.

---

एकटा_जीव | ९ डिसेंबर, रात्री ९:३०

व्हिसा आला!!! २० डिसेंबर ते ६ जानेवारी, तेवढ्याच दिवसांचा, वर थोड्या दिवसांची सवलत. पुण्याला जाऊन बोटांचे ठसे दिले होते. खिडकीतल्या मुलीने रजेचं पत्र दोनदा वाचलं. आईने भाजणी भाजायला घेतलीये, घरभर वास सुटलाय.

---

एकटा_जीव | १७ जानेवारी २०२६, रात्री १०:२०

परत येऊन दहा दिवस झाले, लिहायचं राहूनच जात होतं. धागा वर आणतो, कोणाला उपयोग होईल.

मुंबई ते फ्रँकफर्ट थेट विमान, तिथून विमानतळाखालूनच आखेनची ट्रेन. नवी एंट्री-एक्झिट सिस्टम (युरोपात येण्याजाण्याची डिजिटल नोंद) ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू झालीये, माझे परत ठसे आणि फोटो घेतले. का आलास विचारलं, बायकोला भेटायला म्हटलं, किती दिवस विचारलं, सतरा म्हटलं. संपलं. मी दोन किलोची फाइल छातीशी धरून उभा होतो, कोणी उघडली पण नाही.

स्टेशनवर ती उभी होती. आता हे कसं लिहू. फोनवर रोज बघत होतो तरी केस कापलेत हे तिने सांगितलं नव्हतं. दोघंही दोन मिनिटं 'प्रवास कसा झाला, बॅग मी घेते' असलंच बोलत राहिलो, पाहुण्याशी बोलतात तसं. बसमधे तिने ड्रायव्हरला जर्मनमधे काहीतरी विचारलं आणि तो हसला, ती पण हसली, आणि मी बॅग धरून बाजूला. चार वर्षांत तिच्या एखाद्या बोलण्याचा अर्थ मला कळला नाही असं पहिल्यांदा झालं, म्हणजे तसं घरी पण होतं पण ते वेगळं.

शून्य_डिग्री, कपाटाला हात लावला नाही. पण दुसरं केलं. रविवारी सकाळी ती झोपलेली, मी म्हटलं कचरा तरी टाकून येऊ. तिकडे कागद निळ्यात, पॅकिंग पिवळ्यात, काचेच्या बाटल्यांना रस्त्यावर वेगळी टाकी. टाकीत बाटल्या सोडल्या, धाडधाड आवाज, तर समोरच्या खिडकीतून एक आजी जे काही बोलायला लागल्या. मला वाटलं शुभेच्छा देतायत, मी हात हलवला. रविवारी काच टाकायची नसते, आवाज होतो म्हणून. बायकोला दुपारी जाऊन त्यांची माफी मागावी लागली. वर परत येऊन म्हणाली, "तू काहीच करू नकोस ना, नुसता बस ना रे." मला ते लागलं. इथे चार महिने घर, आई, शिफ्ट सगळं मी बघतोय आणि तिथे मला कचरा पण टाकता येत नाही. संध्याकाळी भांडण झालं, पण कुजबुजत, कारण भिंतीपलीकडे तिची शेजारीण. कुजबुजत भांडायला लागलं की दोन वाक्यांत हसू येतं, हा शोध आम्हाला लागला.

बाकी गाव छान आहे, पण अंधार. सकाळी साडेआठला उजाडतं आणि दुपारी साडेचारला दिवे. जुनं कॅथेड्रल आहे, शार्लमेन राजाचं, १९७८ च्या जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीतलं, तिथे तिने मला गाइडसारखं फिरवलं, कुठला खांब कुठून आणला वगैरे. तिला एवढा इतिहास कधीपासून आवडायला लागला माहीत नाही. गावात गरम पाण्याचे झरे आहेत, एका मंडपात नळातून पाणी वाहतं, गंधकाचा वास थेट आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांसारखा. मी म्हटलं वज्रेश्वरी, ती म्हणाली मी पहिल्या आठवड्यात इथे येऊन हेच म्हटलं होतं आणि ऐकायला कोणी नव्हतं. मग आम्ही तिथे जरा जास्तच वेळ बसलो. एक दिवस बसने पलीकडे नेदरलँड्समधे, तिथून टेकडीवर चालत, वर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स तिन्ही देश एका खांबापाशी मिळतात, तुफान पाऊस होता, फोटोत आम्ही दोघं ओल्या मांजरांसारखे दिसतोय.

महिन्याचं लोकल पासचं तिकीट घेतलं होतं (५८ युरो, जानेवारीपासून ६३ झालंय). एक चूक केली, २० ला सुरू केलं तर ते ३१ लाच संपलं, पास कॅलेंडरच्या महिन्याचा असतो. आणि ते आपोआप चालू राहतं, बंद करायला महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, ते मला कळलं १२ दिवसांनी. मोजा मग पुढच्या महिन्याचे पण पैसे.

ख्रिसमसच्या रात्री तिच्या मित्रमैत्रिणी आल्या, इराणची एक, व्हिएतनामचा एक, आपल्या साताऱ्याचा एक मुलगा. आईच्या भाजणीचं थालीपीठ केलं, मी केलं, किचन मला तेवढ्या रात्रीपुरतं मिळालं. व्हिएतनामचा मुलगा सहा खाऊन गेला. साताऱ्याच्या मुलाने दोनच खाल्ली आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

---

शून्य_डिग्री | १७ जानेवारी, रात्री ११:०५

काच आणि रविवार हे सांगायचं राहिलंच माझ्याकडून, सॉरी! आणि 'नुसता बस ना रे' हे वाक्य मी पण म्हटलंय, शब्दन् शब्द. तुम्हाला लागलं हे तिला सांगितलंत का?

---

एकटा_जीव | १७ जानेवारी, रात्री ११:२०

नाही सांगितलं. हा धागा पाठवलाय तिला आत्ताच. तिकडे पावणेसात झालेत, वाचत असेल.

---

बारा_गावचं_पाणी | १८ जानेवारी, सकाळी ७:१०

मुद्द्याचं राहिलं. गास्केट नेलं होतंस का?

---

एकटा_जीव | १८ जानेवारी, सकाळी ९:४०

नेलं. बसलं नाही. मी पाच लिटरचं नेलं आणि तिने तिकडे तीन लिटरचा कुकर घेतलाय, एकटीपुरता. पाच लिटरचा तो लग्नातला, तो इथे माझ्याकडेच आहे, मी विसरलो.

तीन लिटरचं आणून ठेवलंय आता. सप्टेंबरच्या अपॉइंटमेंट्स कधी उघडतात कोणाला माहीत आहे का?